मराठी पुस्तकांचे फुकट पीडीएफ ग्रुप: एका ग्रंथपालाचा रिव्ह्यू

रिव्ह्यू कशाचा ते आधी सांगते. टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवर मराठी पुस्तकांच्या पीडीएफ फुकट वाटणारे ग्रुप आहेत ना, त्यांचा. कुठल्याही ग्रुपचं नाव घेणार नाही, एक तर ती नावं सारखी बदलतात आणि दुसरं म्हणजे नाव घेतलं की जाहिरातच होते. पण लोक आता ही एक सेवा म्हणूनच वापरतात, "मॅडम तुमच्याकडं नसेल तर राहू द्या, ग्रुपवर विचारतो, तासाभरात येतंय" असं मला माझ्याच टेबलासमोर उभं राहून सांगतात, मग हॉटेलचा आणि मोबाईलचा रिव्ह्यू लिहितात तसा हिचाही कुणीतरी नीट लिहायला पाहिजे.

मी सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. शासनमान्य, 'ब' वर्ग. खाली देवघेव, वर अभ्यासिका, तिथं एमपीएससी आणि पोलीस भरतीची पोरं-पोरी सकाळी सातपासून बसलेली असतात. त्यामुळे हे ग्रुप वापरणारे लोक मला रोज भेटतात, त्यांच्या फोनमधली पुस्तकं मी रोज बघते, आणि मी स्वतःही अशा तीन-चार ग्रुपांत आहे, काय चाललंय ते कळावं म्हणून.

आधी चांगलं. ही भूक खरी आहे आणि तिला नावं ठेवणाऱ्यांचा मला राग येतो. आमच्या तालुक्यात शालेय पुस्तकं आणि वह्या सोडून दुसरं पुस्तक विकणारं दुकान नाही. साताऱ्याला गेलं तर थोडंफार मिळतं, बाकी सगळं पुणं. ज्या माणसाला एका कादंबरीसाठी एसटीचं भाडं, अर्धा दिवस आणि वर तीनशे रुपये मोजायचेत त्याला ग्रुपवर तीच कादंबरी दोन मिनिटांत मिळाली तर तो घेणारच. दुबईला नोकरीला असलेला आमच्या गावचा एक पोरगा रात्री पीडीएफ वाचतो आणि सुट्टीत आला की मला येऊन सांगतो काय काय वाचलं, रिटायर झालेले एसटीतले एक काका मोबाईलवर अक्षर मोठं करून वाचतात कारण छापील पुस्तकाचा टाईप त्यांना दिसत नाही. बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी बाळाला पाजताना एका हाताने फोन धरून वाचते. ही सगळी खरी वाचणारी माणसं आहेत. मराठी माणूस वाचत नाही असं जे भाषणात सांगतात त्यांनी एकदा हे ग्रुप उघडून बघावेत, रात्री अकरा वाजता सुद्धा "अमुक पुस्तक मिळेल का" अशी विनंत्यांची रांग लागलेली असते.

म्हणजे मागणीला पाचपैकी पाच. आता माल कसा मिळतो ते बघू.

बहुतेक पुस्तकं मोबाईलने पानागणिक फोटो काढून केलेली असतात. वाकडी पानं, कडेला कुणाचातरी अंगठा, मधली दोन पानं गायब, खाली स्कॅनर ॲपचा शिक्का, आणि प्रत्येक पानावर तिरका ग्रुपचा वॉटरमार्क, म्हणजे दुसऱ्याचं पुस्तक उचलायचं आणि त्यावर नाव आपलं टाकायचं. काही पुस्तकांची पहिली चार पानं मुद्दाम काढलेली असतात, ज्यावर प्रकाशक, आवृत्ती, वर्ष, हक्क कुणाचे हे छापलेलं असतं ती पानं. हे लक्षात ठेवा, पुढं आरोग्याच्या पुस्तकांबद्दल बोलताना याचं महत्त्व कळेल.

ज्या पीडीएफ प्रेसमधूनच बाहेर पडलेल्या दिसतात त्या बघायला स्वच्छ असतात पण आपल्याकडची अनेक वर्षांची पुस्तकं श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टात टाईप झालेली, युनिकोड (म्हणजे कुठल्याही फोनला आणि कॉम्प्युटरला कळणारी अक्षरांची पद्धत) नाही, त्यामुळे त्यात एखादा शब्द शोधायला गेलं की काहीच सापडत नाही आणि कॉपी केलं की इंग्रजी अक्षरांचा चिखल येतो.

आणि यात सगळ्यात जास्त मरण कुणाचं होतं तर ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांचं. ग्रुपवाले हटकून सांगतात की आमच्यामुळं अंध वाचकांना पुस्तकं मिळतात. कशी मिळतात? पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं फोनचं टॉकबॅक फोटोच्या पीडीएफमधलं सहसा काही वाचू शकत नाही, त्याला ते नुसतं चित्र. आमच्याकडं येणाऱ्या एका अंध विद्यार्थ्याने मला हे करून दाखवलं, फाईल उघडली आणि फोन गप्प. खरं तर या वाचकांसाठी चोरीची गरजच नाही, कायदाच त्यांच्या बाजूने आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात दिव्यांग व्यक्तीसाठी पुस्तक तिला वाचता येईल अशा रूपात करून द्यायला स्पष्ट मुभा आहे, लेखकाची परवानगी लागत नाही. जगभरच्या देशांनी यासाठी जो मराकेश करार केला तो मंजूर करणारा भारत पहिला देश, जून २०१४ मध्ये. २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय नावाचं ऑनलाईन ग्रंथालय आहे, त्यात अशीच पुस्तकं असतात. आमच्या त्या विद्यार्थ्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं, ना कॉलेजात ना ग्रुपवर, तिथं नोंदणी करायला आम्ही दोघं बसलो तेव्हा कुठं त्याचं काम झालं.

आता आरोग्य. याच्यासाठीच मी मुळात लिहायला बसलेय.

या ग्रुपांवर कादंबऱ्यांच्या खालोखाल सगळ्यात जास्त काय फिरतं तर तब्येतीची पुस्तकं. मधुमेह, संधिवात, गर्भारपण, बाळाचं संगोपन, प्रथमोपचार, आजीबाईचा बटवा टाईप, वजन कमी करा, योगासनं. लोक ही पुस्तकं कथा-कादंबरीसारखी वाचत नाहीत, वापरतात. गरज पडली की उघडतात, बघतात आणि तसं करतात. आणि पहिली चार पानं काढलेली असल्यामुळे आपण वाचतोय ते २०२२ चं आहे की १९८५ चं ते कळायला मार्ग नसतो.

मागच्या पावसाळ्यात एका शेतकरी काकांनी मला फोनमधलं प्रथमोपचाराचं पान दाखवलं, सर्पदंशाचं. त्यात लिहिलेलं, दंशाच्या वर घट्ट आवळून बांधा, ब्लेडने चीर द्या, रक्त वाहू द्या. काका मला विचारत होते की हे मोठ्या कागदावर प्रिंट काढून गोठ्यात लावू का. हे जुनं शास्त्र आहे, आता डॉक्टर याच्या नेमकं उलट सांगतात. आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, माणसाला धीर द्यायचा आणि वेळ न घालवता जिथं प्रतिविष मिळतं त्या दवाखान्यात न्यायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांच्या विषावर चालणारं एकच इंजेक्शन असतं आणि विषावर खरा उपाय तेवढाच. घट्ट बांधल्याने रक्तपुरवठा तुटून हातपाय जायची वेळ येते. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून मी याचं नवीन पत्रक आणलं आणि काकांच्या गोठ्यात आता ते लागलंय. पण ती पीडीएफ ज्या ग्रुपवर होती तिथं हजारो लोक आहेत, आणि मी तिथं लिहिलं की ही माहिती जुनी आहे, धोक्याची आहे, काढून टाका, तर ॲडमिनने माझा मेसेज काढला. पीडीएफ तशीच आहे.

तेच सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून आणि श्वास देऊन करायच्या प्रथमोपचाराचं. २०१० साली याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना बदलल्या, आधी तोंडाने श्वास आणि मग छाती दाबणं असा क्रम होता तो उलटा करून आधी छाती दाबायला सुरुवात करा असं आलं. मोठ्या माणसाला मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर तरी खोल. जुनं पुस्तक वाचलेला माणूस पहिली मिनिटं भलत्याच गोष्टीत घालवणार.

लहान मुलांच्या तापाचं अजून एक. पॅरासिटामॉलचं सिरप आपल्याकडं दोन ताकदींत सर्रास मिळतं, ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं आणि ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅमचं. डोस वजनावर असतो, एका वेळी किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. एखाद्या स्कॅनमध्ये नुसतं "एक चमचा" असेल किंवा तक्त्यातलं दशांश चिन्ह फोटोत पुसलं गेलं असेल तर त्या माउलीने कुठल्या बाटलीतला चमचा द्यायचा? छापील पुस्तकात चूक झाली तर पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती होते, डॉक्टर लेखकाला पत्र लिहिता येतं, प्रकाशकाला जाब विचारता येतो, पण ग्रुपवरच्या पीडीएफला दुसरी आवृत्ती नसते आणि मालकही नसतो.

पुस्तकांच्या जोडीला त्याच ग्रुपवर सल्ले सुरू होतात. आधी एक पीडीएफ, तिच्याखाली कुणीतरी लिहितं मला हा काढा लागू पडला, मग दुसरा, मग तिसरा, आणि बघता बघता इन्सुलिन बंद करा इथपर्यंत गाडी जाते. टाईप वन मधुमेह असलेल्या माणसाने, त्यात लहान मुलं पण आली, इन्सुलिन बंद केलं तर काही दिवसांत रक्तात आम्ल वाढून जीव धोक्यात येतो, यात दोन मतं नाहीत. काढ्यांचं म्हणाल तर कोरोनात सगळ्यांनी गुळवेल उकळून प्यायली, २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली, आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. म्हणजे तज्ज्ञांमध्ये वाद चालू असलेला विषय आहे आणि आपल्या ग्रुपवर तो "रोज उपाशीपोटी दोन कप, काहीच साईड इफेक्ट नाही" असा संपतो. मी आयुर्वेदाच्या विरोधात अजिबात नाही, आमच्या गावात उत्तम वैद्य आहेत, पण ते समोर बसवून नाडी बघून, आधीची औषधं विचारून देतात.

आरोग्यासाठी पाचपैकी शून्य. एक सुद्धा नाही.

आता पैशाचं. "लेखक कुठं एवढे श्रीमंत होतात, चार लोकांनी फुकट वाचलं तर काय बिघडलं" हे मी इतक्यांदा ऐकलंय की हिशोबच मांडते. मराठीत साधारण पुस्तकाची आवृत्ती हजाराच्या आसपास असते, हल्ली पाचशेची पण काढतात. लेखकाला किमतीच्या दहा ते पंधरा टक्के. तीनशेचं पुस्तक धरा, सगळ्या हजार प्रती विकल्या गेल्या आणि प्रकाशकाने प्रामाणिकपणे सगळा हिशोब दिला तर लेखकाच्या हातात तीस ते पंचेचाळीस हजार. आणि हजार प्रती खपायला तीन-चार वर्षं लागतात. आता टेलिग्रामवर एका ग्रुपात दोन लाखांपर्यंत माणसं मावतात, चॅनेलला तर मर्यादाच नाही, फाईल दोन जीबीपर्यंत चढवता येते. हजाराची आवृत्ती आणि दोन लाखांचा ग्रुप. इंग्रजीतल्या लाखो खपणाऱ्या लेखकाचं यात थोडं नुकसान होत असेल, मराठी लेखकाची दुसरी आवृत्तीच निघत नाही, आणि दुसरी आवृत्ती निघाली नाही की प्रकाशक त्याचं पुढचं पुस्तक घेत नाही.

आणि हे ग्रुप खरंच फुकट असतात असंही नाही. अभ्यासिकेतल्या पोरांनी मला दाखवलंय, आधी फुकट ग्रुप, मग "व्हीआयपी" ग्रुप, यूपीआयवर पैसे टाका आणि सगळ्या क्लासच्या नोट्स, सगळे टेस्ट पेपर, सगळी संदर्भ पुस्तकं मिळवा. म्हणजे वाचनसंस्कृतीची एवढी सेवा चाललीये आणि पैसे भलत्याच माणसाच्या खात्यात. कधी पुस्तकाच्या नावाने एपीके फाईल येते. पोरांनो, पुस्तक कधीच एपीके नसतं, ते ॲप असतं, टाकलं की ओटीपीचे मेसेज परस्पर वाचणारं काहीही त्यात असू शकतं. चुकून पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करायचा.

कायदा काय म्हणतो ते पण बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. आणि "टेलिग्रामवर कोण कुणाला पकडतंय" हे आता राहिलेलं नाही. लॉकडाऊनमध्ये, २०२० च्या एप्रिल-मे मध्ये, पेपर घरी येईना तेव्हा सगळीकडं ई-पेपरच्या पीडीएफ फिरायला लागल्या, आमच्या सगळ्यांच्या फोनवर आल्या असतील, त्यावरून दैनिक जागरणची कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली आणि कोर्टाने ते चॅनेल काढायला आणि चालवणाऱ्यांची माहिती द्यायला सांगितलं. पुढं २०२२ मध्ये स्पर्धा परीक्षांच्या एका शिक्षिकेच्या पुस्तकांच्या आणि लेक्चरच्या प्रकरणात त्याच कोर्टाचा आदेश आला. टेलिग्रामचं म्हणणं होतं की आमचे सर्व्हर सिंगापूरला, तिथला कायदा वापरणाऱ्याची माहिती द्यायला आडवा येतो. कोर्टाने ते मानलं नाही, फोन नंबर आणि आयपी ॲड्रेससकट माहिती द्या म्हणून सांगितलं आणि कंपनीने ती बंद लिफाफ्यात दिली. तेव्हा नंबर लपवलाय म्हणजे आपण लपलोय असं समजून पुस्तकं अपलोड करणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

एक गोष्ट मात्र मी यातून वेगळी काढते, वैद्यकीय आणि शास्त्रीय संशोधनाचे पेपर. तिथं लिहिणाऱ्याला एक रुपया मिळत नाही, बऱ्याचदा संशोधन सरकारी पैशातून होतं आणि एक पेपर वाचायला दोन-तीन हजार रुपये मागतात. यावर भांडणारे लोक मला चोर वाटत नाहीत. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन', म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकांची देशभरासाठी एकच वर्गणी, मंजूर केलं, तीन वर्षांना ६००० कोटी, पण ते सरकारी कॉलेजं, विद्यापीठं आणि संशोधन संस्थांसाठी, आमच्यासारख्या तालुक्याच्या वाचनालयात बसून एखाद्या आईला आपल्या मुलाच्या आजारावरचा पेपर वाचायचा असेल तर तिला त्याचा उपयोग नाही. सार्वजनिक वाचनालयं त्यात यायला पाहिजेत असं माझं ठाम मत आहे. तोवर पबमेड सेंट्रल या वैद्यकीय पेपरांच्या साईटवर लाखो पेपर कायदेशीर फुकट आहेत, इंग्रजीत असतात, पण आमच्याकडं आलात तर शोधून द्यायला मी आहे.

आता ग्रुपवाल्यांचा सगळ्यात हुशार मुद्दा. "मॅडम, तुम्ही तरी काय करता, एक प्रत घेता आणि पन्नास जणांना वाचायला देता, आम्ही तेच करतो." याला उत्तर आहे. वाचनालय प्रत विकत घेतं, त्या प्रतीचे पैसे लेखकाला पोचतात. ती प्रत एका वेळी एकाकडंच असते. ती फाटते, हरवते, मग दुसरी घ्यावी लागते. चांगली मागणी असेल तर आम्ही तीन-तीन प्रती घेतो. आणि महाराष्ट्रात अशी अनुदानित वाचनालयं अकरा-बारा हजार आहेत, १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळं उभी राहिलेली, मराठी प्रकाशन जे काही तग धरून आहे त्यात या खरेदीचा मोठा वाटा आहे. वाचक ग्रुपवर गेला की आमच्या देवघेवीच्या रजिस्टरमधले आकडे खाली येतात आणि मग वरून तपासणीला आलेले साहेब विचारतात की लोक येत नाहीत तर पुस्तकं कशाला घेता. हा सगळा धागा एका पीडीएफशी बांधलेला आहे हे वाचकाला दिसत नाही म्हणून सांगितलं.

ऑनलाईन कम्युनिटी म्हणून हे ग्रुप कसे आहेत? मला तर तिथं कम्युनिटीच दिसत नाही. विनंती, फाईल, हात जोडल्याचं चिन्ह, पुढची विनंती. वाचून झाल्यावर कसं वाटलं हे कुणीच लिहीत नाही, शेवट पटला का, दुसरा भाग पहिल्याएवढा चांगला का वाटला नाही, काहीच नाही. लोकांच्या फोनमध्ये सहाशे-सातशे पुस्तकं पडून असतात आणि त्यातली दहा वाचलेली असतात. आणि मराठी माणसांना ऑनलाईन चांगलं एकत्र येता येत नाही असं नाही हो, मायबोली ही मराठी वेबसाईट १९९६ पासून चालू आहे, परदेशात बसलेल्या लोकांनी स्वतः लिहून, एकमेकांचं वाचून, भांडून, पाककृती देऊन, दिवाळीला अंक काढून केवढं मोठं काम उभं केलंय, तेही फुकट वाचता येतं, पण तिथं प्रत्येकजण आपलं स्वतःचं देतो. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आमच्या तालुक्याच्या साध्या व्हॉट्सॲप ग्रुपने बेड कुठं रिकामा, ऑक्सिजन कुठं मिळेल हे रात्रभर जागून कळवलं, आणि त्या ग्रुपचा एकच नियम होता, आधी फोन करून खात्री करायची आणि मगच टाकायचं, न तपासता टाकलेला मेसेज ॲडमिन लगेच काढायचा. तोच फोन, तेच ॲप, तीच माणसं, पण टाकणारा जबाबदारी घेत होता. पीडीएफ ग्रुपात नेमकी हीच गोष्ट नाही, ना पुस्तकाच्या मालकाची काळजी ना वाचणाऱ्याच्या जिवाची. कम्युनिटीला पाचपैकी एक, तो पण विनंतीला धावून येणाऱ्या काही भल्या लोकांसाठी.

मग वाचायचं काय आणि कुठून, कारण नुसतं नको म्हणून चालत नाही.

आपल्याकडं लेखक गेल्यावर ६० वर्षांनी पुस्तक सगळ्यांचं होतं, त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजायचं. साने गुरुजी १९५० ला गेले, म्हणजे त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून खुलं आहे, कुणीही छापा, कुणीही वाटा. पु. ल. देशपांडे २००० साली गेले, म्हणजे त्यांचं २०६० संपेपर्यंत नाही. खुली झालेली पुस्तकं मराठी विकिस्रोतावर चांगल्या युनिकोड मजकुरात आहेत, शब्द शोधता येतो, अक्षर मोठं करता येतं, टॉकबॅक खडाखडा वाचून दाखवतं. तिथं स्कॅनवरून मजकूर तपासून टाईप करणारे स्वयंसेवक असतात, ग्रुपवर रात्ररात्र जागून फोटो काढणाऱ्या मंडळींनी तोच वेळ तिकडं दिला तर किती मोठं काम होईल. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची शेकडो पुस्तकं त्यांच्या साईटवर फुकट पीडीएफ आहेत, त्यात चरित्रं, विज्ञान, इतिहास, दुर्मिळ पुस्तकं, लोकांना याचा पत्ताच नाही. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकाच्या परवानगीने ई-पुस्तकं फुकट पाठवतं, नव्या लेखकांची पण. शाळेची पुस्तकं बालभारतीच्या साईटवर आहेत, ती ग्रुपवर मागणारे लोक बघून मला नवल वाटतं. विश्वकोश ऑनलाईन आहे. विकत घ्यायचं तर बुकगंगावर मराठी ई-बुक, किंडलवर २०१६ च्या डिसेंबरपासून मराठी, ऐकायचं तर स्टोरीटेल. आणि तब्येतीचं असेल तर कृपा करून आवृत्तीचं वर्ष बघून घ्या, डॉक्टरांना दाखवून घ्या, फोटोच्या पीडीएफवरून नको.

प्रकाशकांना पण स्पष्टच सांगते, यातला निम्मा धंदा तुम्हीच ग्रुपवाल्यांच्या हातात दिलाय. वाचक पैसे देऊन ई-बुक मागतो तेव्हा ते नसतं. असलं तरी कधी छापील पुस्तकाएवढ्याच किमतीला. पुस्तक संपलेलं असतं आणि नवीन आवृत्ती पाच-पाच वर्षं येत नाही, त्या दुबईच्या पोराने कुठून घ्यायचं? जुन्या फॉन्टातल्या फाईली युनिकोडात करून घ्या, संपलेली पुस्तकं ई-बुक म्हणून शंभर रुपयांना ठेवा, अंध वाचकाला चालेल अशी फाईल काढा, आणि आरोग्याच्या पुस्तकाची जुनी आवृत्ती बाद झाली की तसं जाहीर सांगा, म्हणजे आमच्यासारख्यांना ती कपाटातून काढता येईल. आम्ही आमच्या कपाटातली प्रथमोपचाराची सगळी जुनी पुस्तकं यंदा बाजूला काढली आणि सर्पदंशाचं नवीन पत्रक दारातच लावलंय.

आणि आमच्या तालुक्यातलं कुणी हे वाचत असेल तर, महिन्याची वर्गणी पन्नास रुपये आहे. जे पुस्तक आमच्याकडं नाही ते काउंटरवरच्या मागणी वहीत लिहा, पुढच्या खरेदीत पहिल्यांदा त्याच वहीतली पुस्तकं घेतो. देवघेव सोमवारी बंद, बाकी रोज सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी चार ते आठ.